जेम्स विल्सन: अमेरिकेची घटना लिहिणारा कर्जबाजारी वकील (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा जेम्स विल्सन कोण? भारतात पहिलं बजेट मांडलं तोच का?

नाही, तो वेगळा. १८६० साली कलकत्त्यात बजेट मांडून आपल्या मागे इनकम टॅक्स लावून गेलेला जेम्स विल्सन पण स्कॉटिशच, त्यामुळे एमपीएससीवाल्यांची नेहमी गल्लत होते, पण आपला विल्सन त्याच्या जन्माआधीच वारलेला. पहिल्या महायुद्धाच्या वेळचा प्रेसिडेंट वुड्रो विल्सन हा आणखी तिसरा. आपला विल्सन १७४२ ते १७९८, पेशाने वकील, मुक्काम मुख्यतः फिलाडेल्फिया. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा (१७७६) आणि अमेरिकेची घटना (१७८७) या दोन्ही कागदांवर सही असलेली फक्त ६ माणसं, त्यातला हा एक. पुढे सुप्रीम कोर्टाच्या अगदी पहिल्या बॅचचा जज झाला आणि जज असतानाच कर्जापायी तुरुंगात गेला.

बाकीचे ५ कोण मग?

बेंजामिन फ्रँकलिन, रॉजर शेरमन, रॉबर्ट मॉरिस, जॉर्ज क्लायमर आणि जॉर्ज रीड. यातला रॉबर्ट मॉरिस, ज्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा म्हणजे क्रांतीचा खर्च सांभाळला तो, तोही १७९८ मध्ये कर्जासाठी आत गेला. म्हणजे सहातले दोघं. जमिनीच्या नादाने त्या काळात भलेभले बुडाले, ते पुढे येईलच.

अमेरिकेत जन्मला नव्हता म्हणतात, खरंय?

हो. जन्म स्कॉटलंडमधल्या फाइफ भागातला, शेतकऱ्याच्या घरचा. घरच्यांची इच्छा पोराने धर्मोपदेशक व्हावं, म्हणून स्कॉलरशिपवर सेंट अँड्र्यूज युनिव्हर्सिटीत घातला, पण वडील गेले आणि ते शिक्षण तिथेच राहिलं. मग थोडी मास्तरकी केली आणि १७६५ मध्ये सरळ बोटीत बसून अमेरिका गाठली. तेव्हा तिकडे स्टॅम्प ॲक्टवरून (छापील कागदांवर कर लावणारा ब्रिटिश कायदा) वातावरण पेटलेलं होतं. फिलाडेल्फियाच्या कॉलेजात लॅटिन शिकवायची नोकरी मिळाली. पण मास्तरकीत पैसा नाही आणि नावही नाही हे या माणसाला फार लवकर कळलं.

वकील कसा झाला? लॉ कॉलेज होती का तेव्हा?

नव्हती. एखाद्या मोठ्या वकिलाच्या ऑफिसात बसायचं, त्याची पुस्तकं वाचायची, कागद नकलायचे, हेच शिक्षण. विल्सनने गुरू धरला तो जॉन डिकिन्सन, जो लंडनला शिकून आलेला आणि त्या वेळी वसाहतींमधला सगळ्यात गाजलेला लेखक-वकील. १७६७ मध्ये विल्सनला सनद मिळाली. आधी रेडिंग गावात आणि मग कार्लाइलला त्याने वकिली थाटली. कार्लाइल म्हणजे तेव्हा पेन्सिल्व्हेनियाच्या सरहद्दीवरचं गाव, वस्ती स्कॉच-आयरिश लोकांची, आणि कोर्टातलं काम बहुतेक जमिनीच्या भानगडींचं. कोणाची हद्द कुठे, कोणाचा कागद खरा, आधी कब्जा कोणाचा. त्यात विल्सन पटाईत झाला, धो धो केसेस यायला लागल्या. आणि माझं मत विचाराल तर पुढे जे वाटोळं झालं त्याचं बी इथेच पडलं, कारण दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनीचे कागद चाळणाऱ्या माणसाला आपणही चार तुकडे घेऊन टाकावेत असं वाटणारच.

क्रांतीत त्याचं नाव कशामुळे झालं?

१७७४ मध्ये छापलेल्या एका पुस्तिकेमुळे. विषय असा की ब्रिटिश पार्लमेंटला अमेरिकेतल्या वसाहतींसाठी कायदे करायचा अधिकार कितपत आहे. विल्सनने लिहिलं, मुळीच नाही. काही कायद्यांपुरता नाही असं नाही हां, कुठल्याच बाबतीत नाही, आम्ही राजाला मानतो पण पार्लमेंटमध्ये आमचा माणूस नाही तर त्यांचं आम्ही का ऐकायचं. सगळी माणसं निसर्गतः समान आणि स्वतंत्र आहेत आणि ज्याने संमती दिलेली नाही त्याच्यावर सत्ता चालवायचा हक्क कोणालाच नाही, अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे. दोन वर्षांनी जाहीरनाम्यात जेफरसनने जे लिहिलं त्याच्या खूप जवळचं. कल्पना काही एकट्या विल्सनच्या नव्हत्या, पण वकिली पद्धतीने एकेक पायरी चढत तिथपर्यंत पोचणं हे त्याचं. या जोरावर १७७५ मध्ये तो काँटिनेंटल काँग्रेसमध्ये, म्हणजे सगळ्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत गेला.

पण मग स्वातंत्र्याच्या ठरावाला त्याने आधी विरोध केला होता ना?

विरोध असं नाही, थांबा म्हणाला. जून १७७६ मध्ये त्याचं म्हणणं होतं की पेन्सिल्व्हेनियाच्या लोकांनी आम्हाला अजून तसं सांगितलेलं नाही, तर त्यांना विचारल्याशिवाय मी मत कसं देऊ. झालं, बाहेर बोंब उठली की हा फितूर आहे. शेवटी काँग्रेसमधल्या २२ सहकाऱ्यांनी सही करून लिहून दिलं की बाबांनो असं काही नाही.

मतदानाची गोष्ट मात्र भारी आहे. पेन्सिल्व्हेनियाचे ७ प्रतिनिधी. १ जुलैला ४ विरुद्ध ३ ने स्वातंत्र्याच्या बाजूची मंडळी हरली, बाजूने फ्रँकलिन, मॉर्टन आणि विल्सन. २ जुलैला डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस मतदानाला बसलेच नाहीत, त्यामुळे उरलेल्या पाचांत ३ विरुद्ध २ ने ठराव पास. म्हणजे ज्या डिकिन्सनकडे वकिली शिकला त्याच्याच विरुद्ध बाजूला विल्सन उभा होता, आणि विल्सनचं ते एक मत फिरलं असतं तर सगळ्यात महत्त्वाच्या वसाहतींपैकी एक त्या दिवशी बाहेर राहिली असती.

त्याच्या घरावर लोकांनी हल्ला केला होता ते काय प्रकरण?

४ ऑक्टोबर १७७९. फिलाडेल्फियात महागाईने कहर केलेला, कागदी नोटांना किंमत राहिली नव्हती, आणि मिलिशियातल्या (सामान्य नागरिकांच्या फौजेतल्या) गरीब सैनिकांना वाटत होतं की व्यापारी साठेबाजी करतात आणि इंग्रजधार्जिणे लोक मोकाट फिरतात. आता विल्सनची भर त्यात अशी की देशद्रोहाच्या खटल्यांत आरोपींचं वकीलपत्र त्यानेच घेतलं होतं. १७७८ मध्ये अब्राहम कार्लाइल आणि जॉन रॉबर्ट्स या दोघांचा बचाव त्याने केला, तरी ते फासावर गेलेच. शिवाय पेन्सिल्व्हेनियाची १७७६ ची राज्यघटना, जी सामान्य लोकांना फार प्रिय होती, तिला याचा जाहीर विरोध, कारण एकच सभागृह आणि त्याला आवर घालणारं कोणी नाही हे त्याला पटत नव्हतं. त्यापायी १७७७ मध्ये त्याची काँग्रेसमधली जागाही गेली होती.

तर त्या दिवशी मिलिशिया चालून आली आणि विल्सन, रॉबर्ट मॉरिस, थॉमस मिफ्लिन वगैरे मंडळी थर्ड आणि वॉलनट रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या विल्सनच्या घरात बंदुका घेऊन दारं लावून बसली. गोळीबार झाला, आतला कॅप्टन कॅम्पबेल मेला, बाहेरची पण माणसं मेली, आणि घोडदळ घेऊन राज्याचा प्रमुख जोसेफ रीड वेळेवर पोचला म्हणून बाकीचे वाचले. लोक त्या घराला फोर्ट विल्सन म्हणायला लागले. शिक्षा कोणालाच झाली नाही, पुढच्या वर्षी विधानसभेने सगळ्यांना माफी देऊन विषय मिटवला.

अमेरिकेची घटना मॅडिसनने लिहिली ना? मग विल्सनचं काय काम?

मॅडिसनला घटनेचा जनक म्हणतात ते ठीकच आहे, पण मसुद्याचे कागद बघितले तर अक्षर विल्सनचं सापडतं. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जी परिषद भरली तिने जुलैअखेर ५ जणांची एक मसुदा समिती नेमली: रटलेज, रँडॉल्फ, एल्सवर्थ, गोरहॅम आणि विल्सन. तोपर्यंत नुसते ठराव होते, ६ ऑगस्टला त्यांनी परिषदेपुढे ठेवला तो कलमांचा सलग मसुदा. आम्ही लोक ही सुरुवात याच मसुद्यात आली, फक्त पुढे १३ राज्यांची नावं एकेक करून होती, नंतर दुसऱ्या समितीत गव्हर्नर मॉरिसने ती काढून संयुक्त संस्थानांचे लोक असं केलं. (गव्हर्नर हे त्याचं नाव, हुद्दा नाही, आणि तो रॉबर्ट मॉरिसचा नातेवाईक पण नाही.) परिषदेत विल्सन १६८ वेळा बोलला असं मोजून ठेवलंय लोकांनी. त्याच्यापेक्षा जास्त फक्त हा गव्हर्नर मॉरिसच.

आणि १७ सप्टेंबरला सह्यांच्या दिवशी फ्रँकलिनचं ते प्रसिद्ध भाषण, की मला यातलं सगळं पटत नाही पण मी सही करतो, ते ८१ वर्षांच्या फ्रँकलिनला उभं राहून वाचवत नव्हतं म्हणून वाचून दाखवलं विल्सनने.

प्रेसिडेंट एकच असावा ही कल्पना त्याची?

प्रस्ताव त्याने मांडला, १ जूनला. मॅडिसनच्या टिपणांप्रमाणे तो मांडल्यावर सभागृहात बराच वेळ कोणी काही बोललंच नाही. राजाच्या विरोधात ८ वर्षं लढून आलेली माणसं समोर, आणि त्यांना सांगायचं की सगळा कारभार एका माणसाच्या हातात द्या! रँडॉल्फला तर त्यात राजेशाहीच दिसली, तो म्हणाला तीन जण ठेवा. विल्सनचं उत्तर साधं होतं, तीन ठेवले तर तिघं भांडत बसणार आणि चूक कोणाची हे कधी कळणार नाही, एक ठेवला तर निदान धरायला मान एकच. ४ जूनला ७ विरुद्ध ३ राज्यांनी मान्य केलं.

मग इलेक्टोरल कॉलेजची भानगड पण त्याचीच का?

दरवेळी अमेरिकेत निवडणूक आली की न्यू जर्सीतले आपले नातेवाईक व्हॉट्सॲपवर हेच समजावत बसतात, म्हणून जरा नीट सांगते. विल्सनला खरं तर प्रेसिडेंट थेट जनतेने निवडावा असं हवं होतं. बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं, एवढ्या मोठ्या देशात लोकांना उमेदवार माहीत तरी असतील का वगैरे. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने मधला मार्ग काढला की जिल्हे पाडा, लोक इलेक्टर निवडतील आणि इलेक्टर प्रेसिडेंट निवडतील. तोही तेव्हा मोठ्या फरकाने पडला. परिषद संपता संपता थकलेल्या मंडळींनी एक समिती नेमली आणि त्यातून जे निघालं ते आजचं इलेक्टोरल कॉलेज, त्यात विल्सनच्या कल्पनेचा सांगाडा आहे पण इलेक्टर कसे निवडायचे ते राज्यांवर सोडलेलं. म्हणजे पहिली पसंती नाकारली आणि दुसऱ्या पसंतीची मोडतोड करून घेतली.

सिनेटचंही तेच. सिनेटर लोकांनी थेट निवडावेत असा त्याचा आग्रह, नाही ऐकलं. १९१३ मध्ये घटनादुरुस्ती करून तेच केलं.

गुलामांना तीन-पंचमांश मोजायचं हे त्याने सुचवलं हे खरं का?

खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ११ जूनला तो प्रस्ताव विल्सननेच मांडला, अनुमोदन साउथ कॅरोलायनाच्या चार्ल्स पिंकनीचं. सूत्र नवीन नव्हतं, १७८३ मध्ये जुन्या काँग्रेसने टॅक्सची वाटणी करताना ते पुढे केलं होतं. पण प्रतिनिधित्वासाठी ते वापरल्यामुळे ज्यांना मत नाही, हक्क नाही, त्या माणसांच्या डोक्यांवर त्यांच्या मालकांना जास्त जागा मिळाल्या. नंतर विल्सनच म्हणाला की हे कुठल्या तत्त्वात बसतं ते मला कळत नाही, गुलाम नागरिक असतील तर पूर्ण मोजा, मालमत्ता असतील तर इतर मालमत्ता का नाही मोजत. कळत होतं तरी केलं, कारण दक्षिणेकडची राज्यं सोबत हवी होती. त्याच्या स्वतःच्या घरीही एक गुलाम होता, त्याला बऱ्याच उशिरा, १७९० च्या दशकात सोडलं.

बिल ऑफ राइट्सला त्याचा विरोध होता?

हो, घटनेत नागरिकांच्या हक्कांची वेगळी यादी नको म्हणाला, आणि हे त्याला फार महागात पडलं. ६ ऑक्टोबर १७८७ ला फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसच्या आवारात त्याने भाषण केलं की नव्या सरकारला जे अधिकार दिलेत तेवढेच आहेत, वृत्तपत्रांवर बंधनं घालायचा अधिकार दिलेलाच नाही तर वृत्तपत्रं स्वतंत्र आहेत असं लिहायची गरज काय. वकिली मुद्दा म्हणून चोख. भाषण देशभर छापलं गेलं, समर्थकांनी तेच मुद्दे उचलले आणि विरोधकांनीही त्यावरच तुटून पडायचं ठरवलं. लोकांना काही ते पटलं नाही, आणि १७९१ मध्ये हक्कांच्या १० दुरुस्त्या घालाव्याच लागल्या. पेन्सिल्व्हेनियाने मात्र १२ डिसेंबर १७८७ ला ४६ विरुद्ध २३ ने घटना मंजूर केली, त्या मंजुरीच्या सभेत १७८७ च्या घटना परिषदेत बसलेला एकटा विल्सनच होता, त्यामुळे सगळा किल्ला त्यानेच लढवला.

एवढा लोकांच्या मताचा पुरस्कर्ता, मग लोक त्याला शिव्या का घालायचे?

हाच तर माझ्या मते विल्सनमधला खरा प्रश्न आहे. मोठ्या नेत्यांत क्वचितच कोणी सामान्य माणसाच्या मतावर इतका भरवसा टाकला. तो म्हणायचा सरकारचा पिरॅमिड उंच करायचाय ना, मग पाया जितका रुंद करता येईल तितका करा, म्हणजे थेट जनतेपर्यंत न्या. आणि तरी ज्या कार्लाइलमध्ये त्याने वकिली केली त्याच गावात डिसेंबर १७८७ मध्ये लोकांनी त्याचा पुतळा जाळला.

कारण वागणं. उंच, सहा फुटी, जाड भिंगांचा चष्मा, बोलण्यात स्कॉटिश हेल, मान सतत ताठ. (त्याचे चाहते म्हणायचे की मान ताठ चष्मा पडू नये म्हणून असते, गर्वाने नाही.) विरोधक त्याला स्कॉटलंडच्या जुन्या नावावरून कॅलेडोनियाचा जेम्स म्हणून चिडवायचे. मित्र सगळे बँकवाले आणि व्यापारी. बँक ऑफ नॉर्थ अमेरिका या देशातल्या पहिल्या बँकेचं वकीलपत्र याच्याकडे आणि तिचा कर्जदार पण हाच. आता लोकांनी याला आपला माणूस का म्हणावं? तत्त्व म्हणून जनता त्याला पूर्ण मान्य होती, पण चार माणसांत मिसळून बोलणं काही त्याला कधी जमलं नाही.

सरन्यायाधीश का नाही झाला?

झाला नाही, पण मागितलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला तो नव्हता, १७८९ मध्ये त्याने वॉशिंग्टनला सरळ पत्र लिहून सरन्यायाधीशपद मला द्या असं कळवलं. वॉशिंग्टनने ते जॉन जे ला दिलं आणि विल्सनला साधा जज केलं. तेव्हाच त्याच्या कर्जाबद्दल कुजबुज सुरू झाली होती. पुढे दोनदा ती जागा रिकामी झाली, दोन्ही वेळा दुसऱ्याला मिळाली.

जज म्हणून एखादा गाजलेला निकाल?

एकच, पण जबरदस्त. चिशम विरुद्ध जॉर्जिया, फेब्रुवारी १७९३. युद्धाच्या काळात जॉर्जिया राज्याने साउथ कॅरोलायनाच्या एका व्यापाऱ्याकडून माल घेतला आणि पैसे दिले नाहीत. व्यापारी मेला, त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने, म्हणजे चिशमने, राज्यावर दावा ठोकला. जॉर्जिया म्हणालं आम्ही सार्वभौम, आमच्यावर दावा कसला, आणि कोर्टात हजरच झालं नाही. ४ विरुद्ध १ ने निकाल राज्याच्या विरुद्ध गेला. विल्सनने लिहिलं की मूळ प्रश्न हाच आहे की अमेरिकेचे लोक मिळून एक राष्ट्र होतात की नाही, आणि सार्वभौम लोक आहेत, राज्य ही त्यांनी केलेली व्यवस्था. एक प्रामाणिक माणूस घेतलेल्या मालाचे पैसे देतो तर हजार प्रामाणिक माणसं मिळून राज्य झाली म्हणून ती सुटतात का, असा सगळा रोख.

राज्यं भडकली. जॉर्जियाच्या एका सभागृहाने तर या निकालाची अंमलबजावणी करायला येणाऱ्याला फाशी द्यायचं विधेयक पास केलं. दोनच वर्षांत, १७९५ मध्ये, ११ वी घटनादुरुस्ती येऊन निकाल उलटला. घेतलेले पैसे द्यायलाच पाहिजेत असं ज्याने इतक्या ठासून लिहिलं त्याच्या स्वतःच्या दारात तेव्हा सावकार येऊन बसायला लागले होते, आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

त्याने लॉ शिकवलं पण होतं ना?

हो, १५ डिसेंबर १७९० ला फिलाडेल्फियाच्या कॉलेजात पहिलं व्याख्यान, ऐकायला खुद्द प्रेसिडेंट वॉशिंग्टन आणि व्हाइस प्रेसिडेंट ॲडम्स. व्याख्यानमाला अर्धवटच राहिली. मुलगा बर्ड विल्सनने ती १८०४ मध्ये छापली.

दुसऱ्या लग्नाचा किस्सा?

पहिली बायको रेचल १७८६ मध्ये गेली, ६ मुलं मागे. १७९३ मध्ये कोर्टाच्या कामाने बॉस्टनला गेलेला असताना चर्चमध्ये हॅना ग्रे नावाची मुलगी बघितली आणि थोड्याच दिवसांत मागणी घातली. हा ५१, ती १९. विल्सनची मुलगी मेरी या नव्या सावत्र आईपेक्षा वयाने मोठी. बॉस्टनमध्ये चेष्टा झालीच, पण शेवटच्या वाईट दिवसांत याच पोरीने साथ सोडली नाही.

एवढं कर्ज झालं कशाने?

जमीन, जमीन आणि जमीन. पेन्सिल्व्हेनिया, इलिनॉय-वाबाश ही जमीन कंपनी, जॉर्जियाचं याझू नावाचं जमीनविक्रीचं प्रकरण, जिथे जिथे लाखो एकरांची प्लॉटिंग चालली होती तिथे विल्सनचे पैसे, आणि ते पैसे त्याचे नव्हते, उसने होते. हिशोब असा की युरोपातून माणसं येतील, जमिनीला भाव येईल, मग सगळं फिटेल. वर लोखंडाचे आणि कापडाचे कारखाने पण काढून ठेवलेले. १७९६-९७ मध्ये बाजार कोसळला आणि एकाचं देणं भागवायला दुसऱ्याकडून घेणं हे चक्रच बंद पडलं. एकट्या पिअर्स बटलरचं देणं १,९७,००० डॉलर. जजचा पगार वर्षाला ३,५०० डॉलर, म्हणजे ५६ वर्षांचा पगार. आणि हा बटलर म्हणजे कोण, तर १७८७ च्या परिषदेत त्याच्याच बरोबर घटनेवर सही करणारा साउथ कॅरोलायनाचा प्रतिनिधी.

तुरुंगात असताना जज कसा काय राहिला?

राजीनामा दिला नाही म्हणून. १७९७ मध्ये फिलाडेल्फियातून निघून गेला, न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनला पकडला गेला, मुलाने पैसे भरून सोडवला. तेव्हा जजना घोड्यावरून नाहीतर गाडीतून राज्याराज्यांत फिरून कोर्ट भरवावं लागायचं, ते निमित्त करून दक्षिणेत नॉर्थ कॅरोलायनाच्या ईडंटन गावी गेला, जिथे सहकारी जज आयरडेलचं घर होतं. तिथेही बटलरने गाठून आत टाकला. सुटल्यावर एका खाणावळीत मुक्काम, त्यात मलेरिया, मग पक्षाघात, आणि २१ ऑगस्ट १७९८ ला तिथेच गेला, वय ५५. जवळच्याच एका इस्टेटीत पुरला. फिलाडेल्फियात फारसं कोणी हळहळलं नाही.

त्याच्या जागी कोण आलं?

बुशरॉड वॉशिंग्टन, जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतण्या. गंमत म्हणजे हा वकिली शिकला तो विल्सनच्याच ऑफिसात, काकाने १०० गिनी (ब्रिटिश सोन्याची नाणी) फी ठरवून पाठवलेला.

भारताच्या घटनेशी काही संबंध?

विल्सनचा थेट काही नाही, उगाच ओढूनताणून जोडू नये. आपली उद्देशिका आम्ही भारताचे लोक अशी सुरू होते, तिचं मूळ त्या १७८७ च्या मसुद्यापर्यंत जातं एवढं म्हणता येईल. आणि सरकारवर दावा लावता येतो की नाही हा चिशमचा प्रश्न आपल्याकडे अनुच्छेद ३०० मध्ये आहे, आपलं उत्तर लावता येतो असं.

फिलाडेल्फियाला गेलो तर काय बघायला मिळेल?

इंडिपेंडन्स हॉल बघालच, दोन्ही सह्या तिथल्या. त्याच्या हातचे मसुद्याचे कागद हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ पेन्सिल्व्हेनियाकडे आहेत. फोर्ट विल्सनचं घर आता नाही. कबर मात्र आहे: १९०६ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या मंडळींना आठवण झाली, ईडंटनहून त्याचे अवशेष नौदलाच्या जहाजाने आणून इंडिपेंडन्स हॉलमध्ये ठेवले आणि मग क्राइस्ट चर्चच्या आवारात पुन्हा पुरले. तिथे जाताना एक लक्षात ठेवा, फ्रँकलिनची कबर क्राइस्ट चर्चच्या दुसऱ्या दफनभूमीत आहे, आर्च स्ट्रीटला, सगळे टुरिस्ट तिकडे जातात. विल्सन खुद्द चर्चच्या शेजारी, सेकंड स्ट्रीटला. रॉबर्ट मॉरिसही तिथेच आहे.